लाँग-सफरिंग म्हणजे आजारी नव्हे

३ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मामी 'सगळं ठीक' याच्यापुढे काही सांगत नाही, म्हणून पत्रच लिहितेय. बऱ्याच महिन्यांनी लिहितेय, तेही स्वतःचं काम निघालं म्हणून. तेव्हा आधीच कान पकडते.

एका इंग्रजी शब्दाचा अर्थ हवाय. शब्द आहे 'लाँग-सफरिंग'. मधे छोटी आडवी रेघ. तुमचं अख्खं आयुष्य शब्दकोशाच्या कचेरीत गेलं, तुम्हाला नाही विचारायचं तर कोणाला?

झालं असं. ह्यांच्या फुटबॉल क्लबला पंचवीस वर्षं झाली म्हणून संध्याकाळच्या इंग्रजी पेपरात अर्धं पान आलं. ह्यांचा मोठा फोटो, गळ्यात शिट्टी, पोट आत ओढलेलं. बाहेर सगळे ह्यांना कॅप्टन म्हणतात, पेपरवाल्यानेही तेच लिहिलंय. किती मुलं घडवली, किती ढाली जिंकल्या, स्वतःचा कोट काढून कोणाला कसा दिला. सगळं खरं आहे. शेवटून दुसऱ्या ओळीत मी आहे. 'कॅप्टनची लाँग-सफरिंग बायको, जी सगळ्या जर्स्या धुते.' नाव नाही.

ह्यांना विचारलं तर म्हणाले, "अगं, कौतुक केलंय तुझं."

"कसलं कौतुक?"

"असंच. जनरल."

आणि मैदानावर गेले.

मी तो कागद कापून ठेवला आणि विसरले असते. पण आमच्या सुपरवायझरबाईंनी तो वाचला. तुम्हाला माहीतच आहे, मी इस्पितळाच्या लाँड्रीत मोठ्या रोलरवर असते. ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरायची, झटकायची आणि गरम रोलरच्या तोंडात सरळ द्यायची. जरा तिरकी गेली की पलीकडून चुणीचुणी होऊन येते. अख्ख्या इस्पितळाच्या खाटांवरच्या चादरी माझ्या हातून जातात, आणि खोटं कशाला सांगू, एकही तिरकी जात नाही.

बाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "सफरिंग म्हणजे दुखणं, एवढं इंग्रजी मलाही येतं. लाँग म्हणजे जुनं. तुला जुनं दुखणं आहे आणि दर वर्षी विचारलं की काही नाही म्हणतेस?"

गेल्या वर्षी एकीला रोलरवर चक्कर आली, तिचा हात भाजला. तेव्हापासून हाफिस फार कडक झालंय. दुखणाईत बाई मशीनवर नको. तिला सरळ घरी पाठवतात. बाई स्वभावाने वाईट नाहीत, पण त्यांच्याही मानगुटीवर कोणीतरी बसलेलं आहेच. त्या म्हणाल्या, याचा अर्थ आजार नसेल तर तसं कोणा जाणकाराकडून लिहून आण, मी वर दाखवते.

तेवढं लिहून द्याल? तुमच्या कचेरीचा जुना कागद शिल्लक असला तर त्याच्यावर, म्हणजे वजन पडेल. मला ही नोकरी सोडायची नाही, मामा.

मामीचे गुडघे कसे आहेत?

तुमची
टिटवी


९ फेब्रुवारी

प्रिय टिटवे,

तुझं पत्र आलं आणि मी दहा वर्षांनी लहान झालो. निवृत्त झाल्यापासून मला कोणी शब्द विचारलेला नाही. विचारतात काय, तर औषध घेतलंत का, आणि कानातलं मशीन कुठे आहे. काल दुपारभर टेबलावर नुसता पसारा मांडला होता. मामीने स्टुलावर चढून वरच्या फळीवरचे जाड खंड काढून दिले, मला आता चढवत नाही. मग चष्मा सापडेना, तोही तिनेच शोधला. चहा दोनदा गार झाला, दोनदा तिने गरम करून दिला. पण शब्द नीट लावला, त्याची चिंता करू नकोस.

तुमच्या सुपरवायझरबाईंची चूक समजण्यासारखी आहे. आजच्या इंग्रजीत सफर म्हणजे भोगणे. पण हा जोडशब्द तयार झाला सोळाव्या शतकात, आणि तेव्हा त्या क्रियापदाचा आणखी एक अर्थ चांगला चलनात होता: होऊ देणे, चालवून घेणे. मागे लॅटिनपर्यंत गेलीस तर मुळात 'खालून उचलून धरणे'. म्हणजे ओझं वर आणि आपण त्याच्या खाली. तेव्हा लाँग-सफरिंग म्हणजे पुष्कळ काळ चालवून घेणारा, किंवा घेणारी. दुखण्याचा इथे संबंध नाही.

खरी गंमत पुढेच आहे. हा शब्द इंग्रजांच्या घरचा नाहीच. धर्मग्रंथ इंग्रजीत आणणाऱ्यांपुढे एक जुना ग्रीक शब्द होता, त्याचा भाव साधारण 'ज्याला राग यायला वेळ लागतो तो' असा. त्याला जोड म्हणून त्यांनी हा बनवला. आणि त्या ग्रीकच्याही मागे हिब्रू आहे, तिथे काय म्हटलंय ठाऊक आहे? 'लांब नाकाचा'! कारण त्या लोकांच्या मते राग नाकात राहतो. आपण नाही म्हणत, हिच्या नाकावर राग आहे म्हणून? कुठले ते लोक, कुठली त्यांची भाषा, आपल्याशी ओळख ना पाळख, पण राग त्यांनाही नाकातच सापडला. नाक लांब असलं की राग शेंड्यापर्यंत पोचायला उशीर होत असणार, असं आपलं मी समजतो. मामीला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "माझं नाक बसकं आहे." आणि आत गेली. पूर्वी अशा गोष्टींना हसायची.

आपल्याकडे याला तयार शब्द आहे, सोशिक. सोसणे म्हणजे सहन करणे, पण मानवणे सुद्धा. 'मला दूध सोसत नाही' म्हणतोच की आपण. आणि सोस म्हणजे हाव. हे सगळे एका घरातले, की नुसते तोंडावळ्याने सारखे, यावरून आमच्या कचेरीत हातघाईवर यायचे लोक. ते दिवसच वेगळे.

एक बारकी गोष्ट. हल्ली हे विशेषण बहुतेक बायकोलाच लावतात, तेही नवऱ्याचं नाव घेऊन झाल्यावर. कौतुकच असतं, जरा थट्टेच्या अंगाने. म्हणजे जावईबापूंचं 'जनरल' अगदीच चुकलेलं नाही.

सोबत वेगळ्या कागदावर दाखला जोडला आहे, दोन्ही भाषांत. 'लाँग-सफरिंग म्हणजे आजारी नव्हे. हे विशेषण स्वभावाचे आहे, प्रकृतीचे नाही.' कागद कचेरीचा आहे, सही माझी, आणि नावाखाली 'माजी सहसंपादक' असं ठसठशीत लिहिलं आहे. आता कोणाची हिंमत आहे बघू.

तुझी तब्येत उत्तम असेलच.

तुझा
मामा


१८ फेब्रुवारी

मामा,

दाखला चालला! बाईंनी तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला, लांब नाकापर्यंत. नाकाचं मी माझ्या मनाने आत घातलं, दाखल्यात नव्हतं तरी. आता सगळ्याजणी मला लांबनाके म्हणून हाक मारतात. वरच्या हाफिसातून पण निरोप आला, कागद मिळाला, हरकत नाही.

फक्त एक झालं. हाफिसातला एकजण म्हणाला, एवढी धडधाकट आणि वर इतकी सोशिक बाई असेल तर तिला ड्रमवर द्या, तिथे माणूस कमी आहे. म्हणून सध्या सकाळी ड्रम आणि दुपारी रोलर. ड्रम म्हणजे धुण्याचं मोठं मशीन, त्यातून ओल्या चादरींचे पिळे ओढून गाड्यावर टाकायचे. ओली चादर म्हणजे ओलं माणूसच, तितकं वजन. पण थोडेच दिवस, नवीन बाई येणार आहे.

घरी स्पर्धा जवळ आलीय. ह्यांनी दुसऱ्या संघालाही सांगून टाकलंय, की जर्स्या आमच्याकडेच टाका, एकत्रच धुऊन होतील. कोणाच्या हातून एकत्र होतील ते सांगितलेलं नाही.

पत्र छोटं आहे आणि अक्षर वाईट आलंय. पेन खराब आहे. तुमचे फार उपकार झाले.

टिटवी


२५ फेब्रुवारी

टिटवे,

मी मामी. मी पत्रं लिहीत नाही, तुझ्या मामांच्या पत्राखाली 'सर्वांस आशीर्वाद' एवढंच लिहिते, हे तुला माहीत आहे. आज ते दुपारचे पडलेत म्हणून लिहितेय.

तुझं पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं आणि खूश होऊन उशाशी ठेवलं. नंतर मी ते हातात घेऊन पाहिलं. तुझ्या अक्षरांवर रेघ नाही.

तू आमच्याकडे राहायला आलीस तेव्हा तुला लिहायला मी बसवलं. अख्खा शब्द लिहायचा आणि मग वरून एकच रेघ, डावीकडून उजवीकडे, पट्टी धरल्यासारखी. किती मिजास होती तुला त्या रेघेची. दुसऱ्यांच्या वह्यांवर सुद्धा मारून द्यायचीस. पहिल्या पत्रात रेघ आहे पण तुटक आहे. दुसऱ्यात पहिल्या दोन ओळींनंतर नाहीच, आणि ओळी उतरत उतरत कागदाच्या कोपऱ्यात गेल्यात. पेन खराब असलं तर शाई अडते, टिटवे. रेघ जात नाही.

कोणता हात? उजवाच ना? खांदा की मनगट? कधीपासून?

तुला नोकरी सोडायची नाही हे कळलं मला. का सोडायची नाही तेही थोडंफार कळतं. तरी मला खरं सांग. मामांच्या नावाने लिहू नकोस, माझ्या नावाने लिही. पत्रं मीच घेते पोस्टमनकडून, त्यांना बेल ऐकू येत नाही.

जर्स्या भिजत घालू नकोस. पडू देत.

मामी


४ मार्च

मामी,

तुझ्यापुढे चोरी चालत नाही, लहानपणी पण चालायची नाही.

खांदा. उजवा. दोन हिवाळे झाले असतील. आधी फक्त वर केला की दुखायचा, आता खाली असला तरी दुखतो. वेणी डाव्या हाताने घालते. वरच्या फळीवरचं सगळं एकेक करून खालच्या फळीवर आणलंय. घरात कोणाच्या लक्षात आलेलं नाही. परवा हे म्हणाले, "स्वयंपाकघर आवरलंस वाटतं, छान दिसतंय."

रोलरवर तसं जमत होतं, माझ्या जोडीची बाई समजूतदार आहे, झटका ती मारते. ड्रमवर जोडी नसते.

नोकरी का नाही सोडत ते तुला कळतं म्हणतेस, पण मी सांगतेच, कारण कोणाला सांगितलेलं नाही. घरी बसले तर घरी काय आहे? पोत्यांतल्या जर्स्या. बूट. दारात वीस पोरं आणि 'वहिनी, चहा'. लाँड्रीत निदान माझ्या नावाचं एक कपाट आहे. तिथे मी चादर तिरकी जाऊ देत नाही म्हणून ओळखतात, कोणाची कोण म्हणून नाही. सगळं धुणंच आहे, मला कळतं. पण ते धुणं माझं आहे.

ह्यांच्याबद्दल वाईट मनात आणू नकोस. हे कोणाशीच वाईट वागत नाहीत. एकदा खांद्याचं सांगितलं होतं. दारात बूट घालत होते. "हो का? तेल लाव जरा," म्हणाले. संध्याकाळी परत आले तेव्हा विसरले होते. मुद्दाम नाही गं, खरंच विसरले. त्यांच्या डोक्यात एका वेळी अकरा माणसं असतात, मी बारावी.

स्पर्धा झाली की डॉक्टरकडे जाते, शपथ. नवीन बाई पण तोवर येईल.

मामांना सांगू नकोस. इतक्या हौसेने त्यांनी तो दाखला लिहिला. मी तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. त्यांना कळलं की मी खरंच दुखणाईत आहे, तर बिचाऱ्यांना वाटेल आपण खोटा दाखला दिला. आणि त्यांनी खोटं तर काहीच लिहिलेलं नाही.

लिहिताना तीन वेळा थांबले. रेघा नाहीत, माफ कर.

टिटवी


२ एप्रिल

प्रिय टिटवे,

हे पत्र तुला कोणीतरी वाचून दाखवेल, बहुधा तुझी मामीच. आत्तापर्यंत ती पोचली असेल.

फोन आला तेव्हा मी पेपर वाचत होतो. मामी फोनवर फारसं बोलली नाही, नुसती मान हलवत होती, आणि मग जाऊन पिशवी भरायला लागली. मी दोनतीनदा विचारलं, काय झालं, कोणाचा फोन? ती सांगत असावी, पण पाठमोरी होती, मला काही ऐकू आलं नाही. शेवटी तिने माझ्या हातातला पेपर घेतला आणि त्याच्या कडेला मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'टिटवीचा खांदा गेला. ऑपरेशन आहे. मी जाते.' मग मी म्हणालो, "असा कसा गेला? ती तर ठणठणीत आहे, मी स्वतः दाखला दिलाय." तेव्हा तिने मला समोर बसवून सगळं सांगितलं, कानाशी तोंड आणून. ड्रमचं, दोन हिवाळ्यांचं, आणि तुझ्या अक्षरांवरच्या रेघेचं.

तू मला सांगू नको म्हणाली होतीस, म्हणून तिने इतके दिवस सांगितलं नाही. तिच्यावर रागावू नकोस. मला तर राग आहे तो तिसऱ्याच माणसावर.

ती गेल्यावर मी तुझी दोन्ही पत्रं काढून बघितली. रोज उशाशी होती. पन्नास वेळा वाचली असतील, त्यातला एकेक शब्द मला पाठ आहे, आणि हे मला दिसलं नाही. तू विचारलंस शब्दाचं, मी सांगितलं शब्दाचं. ते बिनचूक आहे, आजही त्यातली एक मात्रा मी बदलणार नाही. पण त्या दाखल्यामुळे तुला ड्रमवर पाठवलं. लॅटिनमधलं 'खालून उचलून धरणे' मी तुलाच लिहून पाठवलं होतं, टिटवे, आणि लिहिताना मला नुसता आनंद होत होता. तुझी तब्येत उत्तम असेलच, असं वर लिहिलं. प्रश्न सुद्धा विचारला नाही.

लाँड्रीच्या हाफिसला मी आज दुसरं पत्र टाकलं आहे. पहिल्या कागदात एका शब्दाचा अर्थ दिला होता, तो एका बाईच्या प्रकृतीचा दाखला म्हणून वापरण्याचा त्यांना काही अधिकार नव्हता, असं स्पष्ट लिहिलं आहे. उपयोग होईल न होईल.

घर फार शांत आहे. मला तसंही काही ऐकू येत नाही, तरी शांत आहे. मामीला म्हणावं, सावकाश ये, घाई करू नकोस. तिला विचार, चहाची पूड कशात असते. नको, विचारू नकोस, सापडेल.

मामीचे गुडघे कसे आहेत असं तू फेब्रुवारीत विचारलं होतंस. त्याचं उत्तर राहिलं. मला माहीत नव्हतं. ती जाताना जिना उतरत होती तेव्हा बघितलं. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवून उतरते. कधीपासून, कोण जाणे.

तुझा
मामा


१७ एप्रिल

मामा,

नमस्कार. अक्षर ह्यांचं आहे, बोलतेय मी. माझा हात पोटाशी बांधून ठेवलाय, महिनाभर तरी सुटणार नाही. मामी म्हणाली, मी लिहिते. मी म्हटलं, नको, तुझे डोळे दुखतात, आणि तुझं लिहून झालंय. ह्यांना बसवलंय. लिहा हो, बसवलंय असंच लिहा. आणि मी बोलेन ते सगळं लिहायचं, गाळायचं नाही. हेही लिहा.

तुमचं पत्र मामीने वाचून दाखवलं. तुम्ही स्वतःला इतकं लावून घेऊ नका. दाखला मी मागितला होता. मला जो अर्थ हवा होता तोच तुम्ही दिलात. तुम्ही तब्येत विचारली असतीत तरी मी 'उत्तम' म्हणूनच लिहिलं असतं.

झालं ते असं. ड्रममधून पिळा ओढत होते, तो आत अडकला. दोन्ही हातांनी हिसका दिला आणि फाटल्याचा आवाज आला. मला वाटलं चादर फाटली. मी आधी चादरच बघितली, मामा, चांगली होती. मग हात खाली पडला, माझा नसल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, आतला स्नायू अर्धा आधीच फाटलेला होता, पुष्कळ दिवसांपासून. म्हणाले, "इतके दिवस काम कशा करत होता बाई तुम्ही?"

सुपरवायझरबाई भेटायला आल्या होत्या. मी त्यांना सांगून टाकलं, मला आधीपासून दुखत होतं, मी तुम्हाला खोटं सांगत होते. त्यांनी दाराकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मला काही ऐकू आलं नाही." मग हळूच म्हणाल्या, "माझी पाठ." तुमचं दुसरं पत्र हाफिसात पोचलंय, त्यावर वर बरीच कुजबुज चाललीय म्हणे. हात बरा झाला तर मला शिवणाच्या टेबलावर घेतील, तिथे फाटक्या चादरी दुरुस्त करतात, बसून काम असतं. झाला तर. नक्की काही नाही.

मामीने इथे आल्या आल्या जर्स्यांची पोती उचलून दाराबाहेर ठेवली. दुसऱ्या दिवसापासून एकेक मुलगा येतो, आपली जर्सी शोधून घेतो आणि मान खाली घालून जातो. हे बघत उभे होते. उभा होतो लिहू नका, मी म्हणाले तसं लिहा, 'उभे होते'.

आता पुढचं लिहा. मी दोन हिवाळे उजव्या कुशीवर झोपले नाही.

पेन थांबलंय मामा. हे विचारतायत, खरं का. खरं. लिहा.

वेणी डाव्या हाताने घालत होते. वरच्या फळीवरचं सगळं खाली आणलं ते आवरण्यासाठी नाही. हात पुरत नव्हता म्हणून.

हे म्हणतायत, तू मला सांगितलं का नाहीस. सांगितलं होतं. तुम्ही दारात बूट घालत होतात. 'बूट घालत होतो' असं लिहा आता, तुमच्याच नावाने. लिहिलंत? वाचून दाखवा.

दाखवलं, मामा. बरोबर लिहिलंय.

ह्यांनी माझ्यासाठी काय काय केलं तेही लिहायला हवं, नाहीतर एकतर्फी होईल. इस्पितळात तीन दिवस खुर्चीवर बसून होते. स्पर्धेचा शेवटचा सामना तेव्हाच होता, गेले नाहीत. संघ हरला. मी म्हटलं, जायचं होतं. तर म्हणाले, "मला लक्षात नाही राहिलं." आयुष्यात पहिल्यांदा सामना विसरले. हे सगळं लिहा, लाजू नका.

मामी म्हणते, चहाची पूड निळ्या डब्यात आहे, तुमच्या डोळ्यांसमोर, आणि ते जाड खंड टेबलावरच राहू द्या, तुम्ही स्टुलावर चढू नका. आणि म्हणते, इतक्यात येत नाही. तिचे गुडघे इथल्या डॉक्टरला दाखवतोय. ती नको म्हणत होती. मी म्हटलं, मी नको म्हणत राहिले त्याचं काय झालं ते बघ.

आता मी जरा

. . .

मामा, नमस्कार. इथून पुढे मी स्वतः लिहितोय. बोलता बोलता तिचा डोळा लागला. मामी खिडकीशी बसल्यात, त्याही पेंगतायत. दुपार आहे, बाहेर मुलं खेळतायत, पण मी गेलो नाही.

मी आयुष्यात कधी तुम्हाला पत्र लिहिलं नाही. पत्रांत काय लिहायचं असतं ते तिलाच माहीत. वरचं सगळं आत्ता परत वाचून बघितलं. शब्द चुकले असतील तर तुम्ही दुरुस्त कराल, तुमचं कामच ते.

तिने सांगितलं होतं, काही गाळायचं नाही. एक वाक्य मी गाळलं. ती हळू बोलली, मला वाटलं ते पत्रासाठी नाही, आपलं असंच आहे. कुठे बसतं तेही आता आठवत नाही. बहुतेक जर्स्यांच्या नंतर. पण ते तिनेच सांगितलेलं आहे, म्हणून इथे खाली घालतो.

ती म्हणाली, "मी फार थकलेय हो."